बालसेवांच्या पाच वर्षांच्या आराखड्याबाबत सदस्यांना सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, आपल्या तालुक्यातील सहा वर्षांखालील बालकांच्या सेवांचा पुढील पाच वर्षांचा आराखडा ठरविण्यासाठी येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या ठिकाणी बैठक होईल.

एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून सुरू असून, साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा तिचा निकष आहे. मात्र हा हिशेब कायम वस्तीचा असल्याने, सोलापूर जिल्ह्यात ऊसतोडीसाठी फडावर उतरणाऱ्या टोळ्यांची मुले पटाबाहेर राहून जातात, आणि माझ्या मते आराखड्याची सुरुवात याच मुलांपासून व्हावी. मागील हंगामात एका कोपीसमोर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीसमोर) आम्ही दीड वर्षाच्या मुलीचे वजन घेतले, तेव्हा तिच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले गावाकडच्या अंगणवाडीचे कार्ड काढून दिले. त्यावरील शेवटची नोंद दिवाळीपूर्वीची, म्हणजे फडावर येण्याआधीची होती.

तरी प्रत्येकाने आपल्या गावातील व वाड्यावस्त्यांवरील बालके, गरोदर आणि स्तनदा माता यांची संख्या, तसेच अंगणवाडीची खोली, पाणी, शौचालय व वजनकाटा यांची स्थिती स्वतः पाहून लिहून आणावी. बालकाला अंगणवाडीच्या पूरक आहारातून रोज ठरवून दिलेल्या प्रमाणात कॅलरी व प्रथिने मिळणे अपेक्षित आहे; प्रत्यक्षात ताटात काय पडते, हेही पाहावे. अंगणवाडीसेविका व मदतनीस यांचे म्हणणे शक्यतो त्यांच्याच शब्दांत टिपावे.

येणे शक्य नसल्यास माहिती शुक्रवारी सायंकाळपर्यंत सचिवांकडे पोहोचवावी.