वाचनालय काढतोयस, म्हणून

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोसायटीच्या रिकाम्या खोलीत वाचनालय काढायचं ठरवलंय म्हणालास, फार आनंद झाला. पुस्तकं आत्ताच पोत्यांनी जमलीत हेही सांगितलंस. पुस्तकं जमतात रे. घर बदलताना, रंगकाम काढल्यावर, घरातलं वाचणारं माणूस गेल्यावर लोक आपणहून आणून देतात. रोज ठरल्या वेळी कुलूप कोण काढणार, हे आधी ठरवा. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्या गावाला वाचनालयाची सवय जुनी आहे. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. तेव्हा त्याचं नाव कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी. मुंबई विद्यापीठ निघालं 1857 ला, त्याच्याही आधी इथं ग्रंथालय होतं. पण तेव्हा वाचता येणारे मूठभर. शाहू महाराजांनी 1917 ला संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याआधीपासून बोर्डिंगं काढून खेड्यापाड्यातली पोरं शिकायला शहरात आणली. पेठेतल्या वाचनालयांचं खरं मूळ मला तिथं दिसतं. घरात पहिल्यांदा अक्षर आलं, की वाचायला काहीतरी लागतंच, आणि विकत घ्यायला पैसे नसतात.

मग 1945 ला कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला असा पहिला कायदा आपला; मद्रासचा आला 1948 ला. मला याचा फार अभिमान आहे आणि तुझ्या सोसायटीतल्या मंडळींना तू हे जरूर सांग. पुढं 1 मार्च 1949 ला संस्थान विलीन झालं आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा व्हायला 1967 उजाडलं. तमिळनाडूत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा कर घेतात. आपल्याकडे तसा कर नाही. लोकांनी संस्था नोंदवायची, वाचनालय चालवून दाखवायचं, मग सरकार अ, ब, क, ड असा दर्जा लावून अनुदान देणार. म्हणजे पहिलं पाऊल लोकांचंच. जिथं चार खटपटी माणसं नाहीत तिथं वाचनालय उभंच राहत नाही, हा यातला मोठा तोटा. आणि अनुदान मिळालं तरी त्यातून ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, पेपरवाल्याचं बिल भागवता भागवता ओढाताण होते. बाकी सगळं बिनपगारी हातांवर चालतं.

ते हात तू लहानपणी पाहिलेस. तालमीच्या शेजारच्या आपल्या वाचनालयाच्या खोलीत ते निवृत्त मास्तर बाइंडिंग करत बसायचे, आठवतात? गव्हाच्या पिठाची खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. पाठीला जुन्या धोतराची पट्टी. वर पाट्याचा दगड ठेवून पुस्तक रात्रभर दाबायचं. मोरचूद विषारी म्हणून तुम्हा पोरांना त्या पातेल्याला हात लावू देत नसत. त्यांनी शिवलेली पुस्तकं आजही देवघेवीत आहेत. त्यांच्या नावाची पाटी कुठं नाही, आणि मला वाटतं ती लावायला हवी.

2019 च्या महापुरात तू इथं नव्हतास. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलं. आपल्या वाचनालयाचे खालचे दोन कप्पे बुडाले. पाणी ओसरल्यावर गेलो, तर पुस्तकं फुगून कप्प्यात अशी घट्ट बसलेली की ओढली तर पाठ हातात यायची. शेवटी कपाटाच्या फळ्या काढल्या. तालमीतली पोरं रांग लावून उभी राहिली, एकेक पुस्तक हातोहात माडीवर गेलं. उन्हात टाकायचं नाही, पानं वाकडी होतात. उभं ठेवायचं, पंख्याचा वारा द्यायचा, पानापानांत कोरा कागद घालायचा आणि तो भिजला की बदलायचा. दोन दिवस उशीर झाला की बुरशी धरते, म्हणून सगळी लगबग. साधा कागद बराचसा वाचला. गुळगुळीत कागदाची पुस्तकं मात्र विटेसारखी एकजीव झाली. त्याच पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचं जे नुकसान झालं, ते ऐकून आम्ही आमचं दुःख बोलायचं बंद केलं.

आमची दाखल नोंदवही वरच्या कप्प्यात होती म्हणून काय गेलं ते तरी कळलं. तेव्हा पुस्तकं लावण्याआधी ती वही आण. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, कुणी दिलं, शेरा, एवढे रकाने पुरे. कॉम्प्युटरवर ठेव, पण वहीही ठेव. शिक्का पहिल्या पानावर आणि आतल्या एका ठरावीक पानावर, ते पान तुम्हा चालवणाऱ्यांनाच ठाऊक असावं.

आलेलं सगळं ठेवून घेऊ नका. जुनी गाईडं, फाटकी क्रमिक पुस्तकं गोड बोलून परत करा. अनामत घ्या, थोडी का होईना वर्गणी घ्या. फुकट दिलं की पुस्तक परत यायला वर्ष लागतं. मुलांकडून मात्र काही घेऊ नका. दिवाळीला अंकांची वेगळी योजना करा, तेवढ्यासाठी नवे सभासद येतात आणि त्यातले काही टिकतात. नुसता पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना बसायला खुर्ची द्या. ते रोज येतात, म्हणून दार रोज उघडावं लागतं.

आठवड्याचे वार वाटून घेतले का? रविवार कुणाकडे? तुम्ही सगळे नोकरीवाले, तेव्हा दोघांची जोडी लाव, एक अडला तर दुसरा असेल. सोसायटीतल्या घरी असणाऱ्या बायकांनाही विचार, नुसतं चहापाण्यापुरतं नको, नोंदवही त्यांच्या हातात दे. बाबा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर रकाने आखलेली एक कोरी नोंदवही आणि आपल्याकडच्या दुबार प्रती पाठवते. मोरचूद तिथं भुसार दुकानात मिळतो का बघ, नाहीतर तोही देते.

तुझी,
आई