व्हॉट्सॲपच्या आधीची फेकाफेक

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फेक न्यूजवरचा लेख वाचला, चांगला आहे पण सगळं खापर व्हॉट्सॲपवर फोडलंय ते काही पटलं नाही. अहो व्हॉट्सॲप म्हणजे कालचं पोर, हा धंदा छापील पेपरांनीच वाढवलाय.

१९३३ सालचंच घ्या. युक्रेनमध्ये स्टालिनच्या सरकारनं शेतकऱ्यांच्या घरातलं धान्य उचलून नेलं आणि लाखो माणसं उपाशी मेली. गॅरेथ जोन्स नावाचा २७ वर्षांचा वेल्श पत्रकार गाडीतून मध्येच उतरला, खेड्यांतून पायी फिरला आणि बर्लिनला येऊन २९ मार्चला हे सगळं जाहीर सांगितलं. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांच्या मॉस्कोतल्या वॉल्टर ड्युरांटीनं छापलं, लोकांची पोटं रिकामी आहेत पण उपासमार वगैरे काही नाही! म्हणजे नक्की काय हो? मॉस्कोत राहायचं तर परवानगी सरकारच्या हातात, बातमी सेन्सॉरच्या नजरेखालून जाणार, त्यामुळे तिथल्या इतर बातमीदारांनी पण जोन्सलाच खोटं पाडलं. ड्युरांटीला आदल्याच वर्षी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस मिळालेलं, ते काढून घ्या अशी मागणी झाली तर २००३ मध्ये पण पुलित्झरच्या बोर्डानं नाही म्हटलं. आणि जोन्स बिचारा १९३५ मध्ये इनर मंगोलियात मारला गेला, तिशी पण गाठली नाही.

बरं रशिया लांब राहिला, आपल्याकडे २००९ च्या विधानसभेला काय झालं? एकमेकांचे स्पर्धक म्हणवणारे मराठी पेपर आणि त्यात शब्दाला शब्द तेच पुढाऱ्यांच्या कौतुकाचे लेख, बातमी म्हणून. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघड केलं. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं अशा पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर कमिटी नेमली, पण पेपरांच्या नावांसकट पूर्ण रिपोर्ट लोकांसमोर यायला २०११ उजाडलं, ते सुद्धा माहिती आयोगाच्या ऑर्डरनंतर. कौन्सिलनं आधी फक्त छोटी आवृत्ती काढली होती, ती का ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तर एकच विनंती. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द हेडलाइनच्या साइझमध्ये टाका, आत्ता तो भिंग घेऊन शोधावा लागतो आणि माझा चष्मा साडेतीन नंबरचा आहे. जागेअभावी पत्र कापायचं झालं तर ड्युरांटीचं कापा, २००९ चं राहू द्या.

एक जुना वाचक, सातारा