गोळी मिळते, माहिती कधी मिळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढी एकादशी तोंडावर आली आहे आणि आमच्याकडे लावणीची धांदल सुरू आहे. कोकणातल्या मधुमेही माणसाने नेमकं याच दिवसांत सांभाळायला हवं, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या दिरांना सात वर्षं मधुमेह आहे. भाऊजी गोळ्या नेमाने घेतात, चहासुद्धा बिनसाखरेचा. गेल्या आषाढीला त्यांनी सकाळची गोळी घेतली, उपवास कडक म्हणून पाण्याशिवाय पोटात काही नाही, आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला गेले. अकराच्या सुमारास पडवीत येऊन बसले तेव्हा सदरा घामाने चिंब होता. हात असे थरथरत होते की तांब्यातलं पाणी मांडीवर सांडलं, जीभही जड झाली होती. घरात सगळे एकच म्हणाले, शुगर चढली. सून गूळपाणी घेऊन आली, तिला जाऊबाईंनी माघारी धाडलं. रात्रीची गोळी आताच देऊया, असंही कोणी सुचवलं. नशिबाने शेजारच्या मुलाने त्याच्या वडिलांचं मशीन आणलं. आकडा आला 48. शुगर उतरली होती! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा-वीस मिनिटांत ते नीट बोलायला लागले. ती गोळी दिली असती तर, या विचाराने अजून माझी झोप उडते.

शुगर 70 च्या खाली गेली की लगेच साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठायचा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने आणि इन्सुलिनने उपाशीपोटी शुगर अशी घसरू शकते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फारशी नसते. भाऊजींना मात्र आपल्या गोळीचा फक्त रंग माहीत होता.

नंतर त्यांची फाईल उघडली. एचबीए1सी 9.2. तो आकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज, बहुतेकांचा तो 7 च्या आत असावा. भाऊजींनी तो हिमोग्लोबिनचा समजला होता. रक्त कमी आहे म्हणून दोन वर्षं खजूर आणि गूळ-शेंगदाणे खात होते. जुनी मॅट्रिक झालेला, रोज पेपर वाचणारा माणूस! तपासणाऱ्यांनी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

वाडीत चौकशी केली तर घरोघरी हेच. गोड बंद, पण सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात. भातानेही शुगर वाढते, पण तो गोड लागत नाही म्हणून हिशेबातच नाही. पायाचंही तेच. जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते, चिखलात अनवाणी उभं राहून लावणी करताना काटा रुतला तरी कळत नाही. संध्याकाळी पाय धुऊन, कोरडे करून, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघायला किती वेळ लागतो? स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी बघावं.

आरोग्य केंद्रात तिशीवरच्यांची तपासणी होते, गोळ्या फुकट मिळतात, आशाताई पावसापाण्यातून घरी येतात. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण महिन्याच्या गोळ्या हातात देताना पाच मिनिटं काढून, आपल्या बोलीत, कोणती गोळी काय करते, उपवासाला काय करायचं, शुगर उतरल्याची लक्षणं कोणती, एवढं रुग्णाला सांगावं. सोबत घरचं एक माणूस बोलवावं, कारण त्या दिवशी भाऊजींना स्वतः काही सांगता येत नव्हतं.

उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारायला हवं. मनाने बंद करू नये. हे पत्र आषाढीच्या आधी छापलंत तर त्यासाठी लोकांना चार दिवस मिळतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. गुहागर, जि. रत्नागिरी