स्टेंट टाकल्यावर कोलेस्ट्रॉल कोण बघणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार

इंदूरमधे अँजिओप्लास्टी आता नवलाची राहिली नाहीये, रामबागेत काय किंवा सुदामा नगरात काय, प्रत्येकाच्या ओळखीत कोणाला ना कोणाला स्टेंट टाकलेला आहेच. पेशंट बरा होऊन घरी येतो, पण पुढे त्याच्या कोलेस्ट्रॉलवर लक्ष कोणी ठेवायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं, म्हणून हे पत्र.

आमच्या मामांचंच सांगतो. रक्त पातळ करायची गोळी ते अगदी घड्याळ लावून घ्यायचे, कारण नाहीतर स्टेंट बंद पडेल असं हॉस्पिटलात बजावून सांगितलं होतं. कोलेस्ट्रॉलची गोळी यादीत सगळ्यात खाली, तिच्याबद्दल कोणी काही बोललंच नाही. काही महिन्यांनी रिपोर्ट काढला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, 92, आणि शेजारच्या रकान्यात छापलेलं की 100 च्या खाली पाहिजे. म्हणजे नॉर्मल, मग गोळी कशाला, लिव्हर खराब होतं म्हणतात, केली बंद. अहो पण ते 92 गोळीमुळेच आलं होतं ना, गोळी सोडली की थोड्याच आठवड्यांत आकडा परत वर जातो! आणि ती 100 ची रेघ हार्ट पेशंटसाठी नाहीच मुळी. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या गाइडलाइनमधे अशा पेशंटचं एलडीएल 55 च्या खाली हवं असं आहे. म्हणजे मामांचं औषध वाढवायला हवं होतं आणि झालं भलतंच.

हे 55 पर्यंत येणं एका चिठ्ठीत होत नाही. स्टॅटिनचा, म्हणजे याच कोलेस्ट्रॉलच्या गोळीचा, डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम 6 टक्के अजून उतरतं, म्हणून बऱ्याच जणांना जोडीला एझेटिमाइब ही कोलेस्ट्रॉलची दुसरी गोळी लागते, तरी नाही जमलं तर इंजेक्शनं आहेत, त्यातलं एक तर सुरुवातीचे डोस झाले की वर्षातून दोनदाच घ्यायचं. दर वेळी औषध बदललं की 4 ते 12 आठवड्यांत परत रक्त तपासायचं. बाहेर शंभर माणसं बसलेली असताना डॉक्टर हे सगळं एकट्याने कसं बघणार, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून वेगळं लिपिड क्लिनिक, म्हणजे फक्त कोलेस्ट्रॉल बघणारं क्लिनिक, हवं, आठवड्यातून एक दुपार का होईना. नर्स फोन करून विचारेल की गोळी खरंच चालू आहे का, फार्मासिस्ट बघेल की पाय दुखतात ते गोळीने की दुसऱ्या कशाने, दुसऱ्या औषधाशी वाकडं तर नाही ना. गोळीने असेल तर डोस कमी करता येतो, स्टॅटिन बदलता येतं, पण हे कळलं नाही की माणूस सरळ सोडूनच देतो. औषधाचा निर्णय हार्टच्या डॉक्टरांचाच राहील. आणि डायटीशियन पाहिजे ती इथली, जिला माहितीये की आपल्याकडे पोह्यांवर सेव, भाजीत सेव, संध्याकाळी परत सेव-परमल. ओट्स आणि ऑलिव्ह ऑइलचा छापील कागद मामींनी फ्रिजवर लावला, झालं, त्यापुढे काही नाही.

पैशाचंही बघा. आयुष्मान कार्डावर अँजिओप्लास्टी होते, डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं त्यात येतात, पुढे आपलं आपण. पण ही गोळी तर जन्मभराची! जन औषधी दुकानात ती स्वस्त मिळते, हेसुद्धा क्लिनिकमधेच कोणीतरी सांगायला हवं. आणि ज्याला कमी वयात अटॅक आला त्याच्या मुलांचं कोलेस्ट्रॉलही तिथेच तपासून घ्यावं, कारण खूप वाढलेलं एलडीएल काही घरांत वारशानेच येतं, आणि मुलं पंचविशीची असतात तोवर ते कोणाच्या डोक्यातही येत नाही.

सरकारी सुपर स्पेशालिटीत आणि मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत याची सुरुवात व्हावी ही कळकळीची विनंती. क्लिनिक उभं राहीपर्यंत निदान डिस्चार्जच्या फायलीवर मोठ्या अक्षरात एवढं तरी लिहा, एलडीएल 55 च्या खाली, पुढची तपासणी अमुक तारखेला, आणि न विचारता गोळी बंद करू नये.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर