हॉल आता तुमच्या दोघांसाठी मांडूया

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर जे झालं ते मनाला लागून राहिलंय म्हणून लिहायला बसले. मी हॉलचा विषय काढला, बाबा तुम्ही म्हणालात "आहे तो काय वाईट आहे, आमचं आता किती राहिलंय", आई तू लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागलीस, मग दादा मध्ये पडला की सगळं काढून नवीन टाकू, आणि तिथेच बिनसलं. दादाच्या मनात चांगलंच आहे, पण सगळं काढून टाकायचं हे मलाही पटत नाही. मला जे सांगायचं होतं ते वेगळंच होतं, आता सावकाश लिहिते, दोघांनी एकत्र बसून वाचा.

मागच्या वेळी चार दिवस राहिले ना, तेव्हा दोन गोष्टी बघितल्या त्या डोक्यातून जात नाहीयेत. बाबा, तुम्ही सोफ्यावरून उठताना उजवा हात टीपॉयच्या कोपऱ्यावर टेकवता, जोर लावता, परत बसता आणि मग दुसऱ्यांदा उठता. त्या कोपऱ्यावरचं पॉलिश तळहाताएवढं उडालंय, आतलं लाकूड दिसतंय. म्हणजे किती दिवसांपासून चाललंय हे! आणि आई, तू दुपारी पेपर वाचायला ती प्लास्टिकची खुर्ची उचलून खिडकीपाशी नेतेस, ऊन सरकलं की खुर्चीही सरकवतेस आणि संध्याकाळी वाचतच नाहीस. विचारलं तर म्हणालीस कंटाळा येतो. कंटाळा नाही गं आई, तिथे उजेडच नाहीये.

तेव्हापासून मला सारखं वाटतंय की आपला हॉल अजून आमच्यासाठी मांडलेला आहे. ती मोठी शोकेस कशासाठी केली होती? जुना टीव्ही मागे दीड फूट लांब होता म्हणून. काचेवर उजेड पडून चित्र दिसायचं नाही म्हणून अर्धी खिडकी शोकेसच्या मागे गेली आणि उरलेल्या अर्ध्या खिडकीवर जाड पडदा लागला. दिवाण पाहुण्यांना झोपायला, सोफे भिंतीला चिकटवून ठेवले कारण मधल्या जागेत मी आणि दादा खेळायचो. सगळं त्या वेळी बरोबरच होतं, पण आता तो टीव्ही नाही, आम्ही खेळायला नाही, आणि तुम्ही दोघं मात्र त्या मांडणीत अंग चोरून राहताय.

बाबा, शोकेसबद्दल आधी बोलते कारण तुमचा जीव तिच्यात आहे हे मला माहितेय. सुतार शेजारी बसवून तुम्ही ती करून घेतलीत, सागवानाची फळी न् फळी स्वतः बघून घेतली होतीत, ती भंगारात द्यायची हे मी तरी कधी बोलणार नाही. पण असं करता येईल का, वरचा भाग सोडवायचा आणि खालची कपाटं तेवढी ठेवायची, म्हणजे दोन फूट उंचीचं लांब बैठं युनिट तयार होईल, टीव्ही त्यावरच बसेल. सध्याचा टीव्ही बघायला तुम्हाला मान वर करावी लागते. टीव्हीचा मधला भाग बसल्यावर आपल्या डोळ्यांच्या रेषेत हवा, म्हणजे जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर. वरच्या भागाच्या फळ्यांचं पुस्तकांचं छोटं शेल्फ होईल, ते आईच्या खुर्चीजवळ. लाकूड तुमचंच, फक्त जागा बदलली. आणि मुख्य म्हणजे खिडकी पूर्ण मोकळी होईल, इतक्या वर्षांनी. आतल्या माझ्या ट्रॉफीज मी घेऊन जाते, त्यांची धूळ तू का पुसत बसायची आई?

आता उजेड, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहते, आतलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे मला जो हॉल ठीकठाक वाटतो तो तुम्हाला अंधारलेला असतो. आणि आपल्याकडे आहे एकच ट्यूब, तीही सोफ्याच्या मागच्या भिंतीवर, तिथे बसून पेपर उघडला की आपल्याच डोक्याची सावली पेपरवर. नुसती ट्यूब बदलून मोठी लावली तर डोळ्यांवर चमकेल फक्त, वाचायला फायदा नाही. उजेड दोन-तीन ठिकाणांहून यायला हवा. एक वर छताला, एक आईच्या खुर्चीशेजारी उभा लॅम्प, खांद्यावरून पुस्तकावर पडेल असा आणि बल्ब डोळ्याला दिसणार नाही अशी शेड असलेला, आणि एक अगदी बारीक दिवा बेडरूमच्या दाराशी जमिनीलगत, रात्री उठलात तर पाय कुठे पडतोय ते दिसावं म्हणून. विजेची काळजी करू नका बाबा, ९ वॉटचा एलईडी जुन्या ६० वॉटच्या बल्बएवढा उजेड देतो.

बल्ब घेताना खोक्यावर केल्विनचा आकडा असतो तो बघायचा. ६५०० म्हणजे आपल्या ट्यूबसारखा निळसर पांढरा, २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर, संध्याकाळी नुसतं बसायला तो बरा वाटतो, आणि वाचायच्या लॅम्पला ४००० चालेल. अजून एक आकडा असतो सीआरआय नावाचा, तो ९० च्या आसपास असला की रंग खरे दिसतात. आई, तू म्हणालीस ना की भरतकाम करताना काळा आणि गडद निळा दोरा वेगळा कळत नाही, कदाचित तो दोष तुझ्या डोळ्यांचा कमी आणि त्या ट्यूबचा जास्त असेल. तरी डोळे एकदा तपासून घेच.

सोफा. बाबा, सोफा चांगलाच आहे, चौकट अजून हलत नाही, पण फोम बसलाय आणि खालचे पट्टे सैल झालेत, त्यामुळे बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठायला सगळं वजन हातांवर येतं. सहज उठता यायला बैठक दबल्यावरसुद्धा जमिनीपासून १७ ते १९ इंच उंच हवी. त्याला नवा सोफा कशाला, पट्टे बदलायचे, ४० डेन्सिटीचा फोम घालायचा, पायांखाली दोन इंचाचे लाकडी ठोकळे पक्के बसवायचे, वर नवीन कापड. खालची ती झालर मात्र काढून टाकू, कारण उठताना टाचा थोड्या मागे घेता आल्या तर अंग आपोआप पुढे येतं, झालरीत पाय अडकतात. हात टेकायला सोफ्याचा हात आहेच, टीपॉयवर भार द्यायची वेळच येऊ नये. टीपॉयची ती काच आणि टोकदार कोपरे मला आवडत नाहीत, स्पष्टच सांगते.

सतरंजीचं तर मी त्या वेळीच बोलले होते. तिची एक कड वर वळलीये आणि खालून एक्स्टेंशनची वायर जाते, बेल वाजली की आई घाईने तिथूनच जाते, मला बघवत नाही. वायर आधी काढा, ही एक गोष्ट माझी वाट न बघता करा प्लीज, इलेक्ट्रिशियनला बोलावून टीव्हीच्या भिंतीवरच पॉइंट काढून घ्या. सतरंजी ठेवायचीच असेल तर खाली न सरकणारी जाळी घालू आणि सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील अशी ती ठेवू, म्हणजे ती हलणार नाही. दारापासून बेडरूमपर्यंत सलग तीन फूट वाट मोकळी हवी, मधे काहीही नको, स्टूलसुद्धा नको.

आता मांडणी. सध्या एक सोफा या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला, मध्ये एवढी मोठी मोकळी जागा, बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे आई मोठ्याने बोलते, बाबांना वाटतं ती चिडली, आणि मग दोघंही गप्प टीव्ही बघत बसता. हे मी चारही दिवस बघितलं. मी वाचलं होतं की १९५० च्या दशकात कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये एका हॉस्पिटलात वयस्कर बायकांच्या वॉर्डमध्ये असंच होतं, छान नवीन फर्निचर आणलं तरी सगळ्या जणी भिंतीला टेकवलेल्या खुर्च्यांवर नुसत्या बसून असायच्या. रॉबर्ट सोमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने खुर्च्या भिंतीपासून काढून छोट्या टेबलांभोवती ठेवल्या, सुरुवातीला ते कोणालाच आवडलं नाही, बायकांनाही नाही आणि नर्सनाही नाही, पण काही आठवड्यांनी बोलणं खूपच वाढलं होतं. माणसं तीच होती! म्हणून म्हणते, मोठा सोफा आहे तिथेच राहू दे आणि आईची खुर्ची त्याला काटकोनात, बाबांच्या डाव्या बाजूला. म्हणजे चांगला कान तिच्याकडे आणि तिचा चेहराही दिसतो, ओठ दिसले की अर्धं बोलणं तसंच कळतं.

रंगाचं थोडक्यात. खिडकीखालच्या कोपऱ्यात पोपडे आलेत तिथे आधी ओल कुठून येते ते शोधायचं, नाहीतर कितीही चांगला रंग दिला तरी काही महिन्यांत परत तेच. छत पांढरं, भिंती फिकट, कारण फिकट भिंत उजेड परत फेकते. पण दादाने पाठवलेल्या फोटोंसारखं भिंत क्रीम, सोफा क्रीम, फरशी क्रीम असं मला नकोय, दिसायला सुंदर आहे पण बैठकीची कड कुठे संपते तेच कळत नाही, आणि वय झाल्यावर ते कळणं फार गरजेचं असतं. सोफ्याला फरशीपेक्षा गडद रंग, आई, तो तू निवड, तुझी नजर रंगाला चांगली आहे. पडद्याचा रॉड चौकटीच्या चार-सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर काढून लावला की पडदे उघडल्यावर काचेवर येत नाहीत, भिंतीवर जातात. पडद्याच्या वरची ती लाकडी पट्टी, पेल्मेट, काढूया.

हे सगळं एकदम करायचं नाहीये. पुढच्या वेळी येईन तेव्हा काहीच विकत आणायचं नाही, जुने पेपर जमिनीवर पसरून सोफा, खुर्ची, टीपॉय जिथे येतील त्या मापाचे चिकटवू आणि तुम्ही दोघांनी त्यातून चालून बघा, कुठे अडतं ते सांगा, पटलं तर दादाला आणि मला मिळून सामान हलवायला एक दुपार पुरे. पंधरा दिवस तसं राहून बघा. नाही आवडलं तर मी स्वतः येऊन सगळं होतं तसं ठेवेन, शब्द देते. आवडलं तर मग सुतार, मग सोफ्याचं काम, रंग सगळ्यात शेवटी.

आणि बाबा, "किती राहिलंय" हे परत म्हणू नका. रोज दहा वेळा त्या सोफ्यावरून उठता, ते उद्या सोपं झालं तर उद्यापासूनच उपयोग आहे ना.

तेवढं एक करा, टेप घेऊन सोफ्यावर बसा आणि गादी दबल्यावर जमिनीपासून किती इंच भरतं ते आईला मोजायला सांगा, मला आकडा कळवा, सुताराला ठोकळ्यांचं माप द्यायचंय.

तुमची,
छोटी