कात्रणाचं उत्तर

ग्राइफ्सवाल्ड, जर्मनी,
२६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कात्रण पाहिलं. जर्मन कंपनी आपल्या सरकारी गॅस-कंपनीला, ‘गेल’ला, न पुरवलेल्या गॅसपोटी २८.५ कोटी डॉलर देणार, आणि खाली तुमचा प्रश्न : ‘रशियाचा गॅस जर्मन कधीपासून विकायला लागले?’ फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते, म्हणून लिहूनच पाठवते.

गेलनं २०१२ साली जहाजानं गॅस आणायचा २० वर्षांचा करार केला, तो रशियाच्या सरकारी गॅस-कंपनीच्या, गाझप्रॉमच्या, सिंगापूरच्या कंपनीशी. ही कंपनी पुढे गाझप्रॉमच्या जर्मन शाखेच्या हाताखाली होती. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा इथली सगळ्यात मोठी भूमिगत गॅस-साठवण, रेडेनची, याच शाखेकडे होती आणि जवळजवळ रिकामी होती. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारनं शाखाच ताब्यात घेतली. कात्रणातली जर्मन कंपनी ती हीच. रशियानं मे महिन्यात तिच्यावर उलटे निर्बंध घातले. मग सिंगापूरवाल्यांनी गेलला गॅस द्यायचा कुठून? आपण ना कुणाच्या बाजूला, ना कुणाच्या विरोधात, तरी गॅसची जहाजं थांबली आणि खत कारखान्यांचा गॅस कापावा लागला. तुम्ही थळला अमोनिया प्लांटमध्ये आयुष्य काढलंत. गॅसचा दाब उतरला की काय धावपळ होते, ते मी तुम्हाला काय सांगणार! रात्री-अपरात्री कंट्रोल रूममधून यायचे ते फोन मला अजून आठवतात.

काल लुबमिनला जाऊन आले, इथून वीसेक किलोमीटर. बाल्टिक समुद्र उथळ, किहीमला ओहोटी लागल्यासारखा, आणि लाटा अगदी नावाला. बंद पडलेल्या अणुवीज केंद्राशेजारी कुंपण, आत जमिनीतून वर येणारे जाडजूड पाइप. तुम्ही असता तर कुंपणाला नाक लावून व्हॉल्व्ह मोजत बसला असता. रशियाहून १२२४ किलोमीटर समुद्राखालून आलेली नॉर्ड स्ट्रीम, गॅसच्या दोन नळ्यांची जोडी, इथे जमिनीवर येते. नोव्हेंबर २०११ मध्ये तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलर मर्केल आणि रशियाचे अध्यक्ष मेदवेदेव यांनी इथेच चाक फिरवून गॅस सुरू केला होता.

शेजारची दुसरी जोडी, नॉर्ड स्ट्रीम २, २०२१ मध्ये तयार झाली, पण चालू झालीच नाही. पुतिन यांनी युक्रेनच्या डोनेत्स्क आणि लुहान्स्क या भागांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ फेब्रुवारी २०२२ ला, तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर शोल्त्स यांनी तिची परवानगी थांबवली. पहिल्या जोडीला मात्र युरोपानं हात लावला नव्हता. रशियाच्या कोळशावर बंदी आली, जहाजानं येणाऱ्या तेलावर आली, पाइपच्या गॅसवर नाही. कशी येणार? जर्मनीचा निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा. तो रशियानंच आवळत नेला : टर्बाइनच्या दुरुस्तीची सबब सांगून आधी ४० टक्क्यांवर, मग २० वर, ऑगस्ट संपता संपता शून्यावर. २६ सप्टेंबरला डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाजवळ स्फोट झाले आणि दोन्ही जोड्यांच्या मिळून चारपैकी तीन नळ्या फुटल्या.

मी आले तो हाच हिवाळा. सरकारी इमारतींतल्या ऑफिसात १९ अंशांच्या वर हीटिंग नाही, असा सरकारी नियमच होता. घरमालकानं हीटिंगचा महिन्याचा आगाऊ हप्ता दुप्पट केला, तेव्हा मी आईनं दिलेली गोधडी पांघरून थीसिस लिहीत होते. हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही.

हो, कात्रणात नसेल तर सांगते : गेलची मागणी १८० कोटी डॉलरच्या वर होती. म्हणजे रुपयाला सोळा पैसे सुटले.

आईला सांगा, आमसुलं पोचली, पिशवी फुटली नव्हती.

तुमची,
बेबी