महापौरांना हाराऐवजी वह्या द्या

महोदय,

गणेशोत्सव, कोजागरी, शाळांची स्नेहसंमेलनं... इंदूरच्या महापौरांना आमंत्रणांची कधीच वाण नसते. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर इथली आपली मराठी मंडळंही त्यात मागे नाहीत. पण महापौर आल्यावर होतं काय? प्रत्येक पदाधिकाऱ्याचा वेगळा हार, फोटोसाठी व्यासपीठावर रेटारेटी, आणि नऊवारी नेसून तयार झालेल्या मुली विंगेत ताटकळत! पाहुणे निघाले की हार खुर्चीवरच पडून राहतात.

ब्रिटनमधल्या अनेक गावांत महापौरपद वर्षभराचं आणि बरंचसं मानाचं असतं. तिथले महापौर सुरुवातीलाच एक-दोन सेवाभावी संस्था जाहीर करतात आणि वर्षभर मैफली, भोजनसमारंभ यांतून त्यांच्यासाठी निधी उभा करतात. आपले महापौर तर थेट मतदारांनी पाच वर्षांसाठी निवडलेले, ८५ वॉर्डांचा व्याप सांभाळणारे. त्यांनी दरवर्षी अशी एखादी संस्था जाहीर केली, तर हारतुऱ्यांचे पैसे तिकडे वळवायला मंडळं एका पायावर तयार होतील. निदान व्हायला हवीत. मात्र संस्था निवडताना पक्ष पाहू नये आणि जमाखर्च वर्तमानपत्रात छापावा. महापालिकेचा पैसा यात अजिबात नको. तो रस्ते, पाणी आणि ड्रेनेजसाठीच.

तोवर मंडळांनी यंदाच्या गणेशोत्सवात महापौरांच्या हाती वह्यांचा गठ्ठा द्यावा आणि त्यांच्याच हस्ते तो जवळच्या सरकारी शाळेला द्यावा. फोटो काय, तोही निघेलच.

— एक वाचक, रामबाग, इंदूर